लेकरू जागं असेल तेव्हा

माझं माहेर सोनारी. परांडा तालुक्यातलं, काळभैरवनाथाचं सोनारी. लहानपणी घरात कुणी बाळंत झालं की पाचव्या दिवशी आजी पाट्यावर सटवाई पुजायची. शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवायची. रात्री सटवाई येते आणि लेकराच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, असं ती सांगायची. मोठी झाल्यावर माझं काम त्या कपाळाच्या आत काय घडतं याच्याशीच येऊन जोडलं गेलं. लहान मुलांच्या मेंदूच्या विकासावरचे अभ्यास गावागावांत चालतात, त्यांची मी समन्वयक. डॉक्टर, मानसतज्ज्ञ, आकडेवारीची माणसं आपापल्या जागी असतात. ती आणि ओट्यावर लेकरू घेऊन बसलेली आई यांच्यामधली ये-जा माझ्याकडे असते.

एवढ्या वर्षांनी मला वाटतं, कपाळामागं काहीतरी लिहिलं जातं हे आजीचं म्हणणं खरंच होतं. फक्त ते एका रात्रीत होत नाही. गर्भ राहिल्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे सुमारे हजार दिवस ते लिखाण सर्वांत वेगानं चालतं, आणि पुढंही चालूच राहतं. ते वाचायचं असेल तर लेकराच्या पावलानं चालावं लागतं. हे मी चुकत चुकत शिकले. या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी ते इथं क्रमानं मांडते.

१. वेळ लेकरानं ठरवायची

पहिल्या वर्षी मी वेळापत्रक गाडीच्या सोयीनं लावायची. नऊला निघायचं, अकराला गाव गाठायचं, दोनपर्यंत चार चाचण्या उरकायच्या. गावात अकरा म्हणजे लेकरं न्हाऊ घालून, धुरी देऊन नुकती झोपवलेली असण्याची वेळ. आम्ही आयांना ती उठवायला लावायचो.

अशीच एक नऊ महिन्यांची मुलगी उठवून समोर बसवली. दोरीला बांधलेली लाल कडी हलवली, तिनं हात पुढं केला नाही. ठोकळ्यावर कप पालथा घातला, तिनं पाहिलंही नाही. आईच्या पदरात तोंड खुपसून रडत राहिली. तक्त्यावर एकाखाली एक 'नाही'च्या खुणा पडल्या. मला चैन पडेना, म्हणून दोन दिवसांनी संध्याकाळी पुन्हा गेलो. पोट भरलेलं, झोप झालेली, आजीच्या मांडीवर बसून ती पायानं ताल धरत होती. ठोकळ्यावर कप घातला. तिनं कपाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मग दोन्ही हातांनी कप उचलून बाजूला केला आणि ठोकळा तोंडात घातला. झाकलेली वस्तू नाहीशी होत नाही, हे तिला पक्कं कळत होतं. पहिल्या दिवशी आम्ही तिची अर्धवट झोप मोजून आलो होतो.

तेव्हापासून आदल्या दिवशी आईला एकच प्रश्न विचारला जातो: "उद्या हे कधी जागं आणि हसरं असेल?" ती सांगेल ती वेळ. दिवसाला चारऐवजी दोनच चाचण्या होतात, पण त्या खऱ्या होतात.

२. चटकन मिळालेल्या होकारावर थांबा

सोनारीत काम सोपं जाईल असं मला वाटलं होतं. गावची लेक मी. नात्यानं वहिनी लागणाऱ्या एका बाईसमोर संमतीपत्र वाचायला घेतलं, तर ती म्हणाली, "तू म्हणतीस तर वाचायचं काय त्यात? दे, कुठं करायचा अंगठा?" मी भराभर वाचून काढलं आणि अंगठा घेतला. तिसऱ्या भेटीत बाळाचं रक्त घ्यायची वेळ आली तेव्हा तिचा नवरा दारात उभा राहिला. "रक्त काढायचं कधी ठरलं होतं?" कागदावर ठरलं होतं. तिच्या कानापर्यंत मात्र ते पोचलेलं नव्हतं. मी नात्याच्या जोरावर अंगठा घेतला होता.

रक्त कशासाठी हवं, हेही मी नीट सांगितलं नव्हतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरातल्या जवळपास ६९ मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. लोह कमी पडलं की फक्त अंगावर पांढुरकेपणा येतो असं नाही. मेंदूतल्या तंतूंवर जे वेष्टण चढतं आणि निरोप भराभर पोचू लागतात, त्या घडणीलाही लोह लागतं. एवढं साध्या शब्दांत सांगितलं असतं तर तो भाऊ दारात आडवा आला नसता.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची नीतितत्त्वं सांगतात की वाचता न येणाऱ्या माणसाचा अंगठा घेताना अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. आम्ही त्यात दोन गोष्टींची भर घातली. समजावून झाल्यावर आईलाच विचारायचं, "आता तुम्ही मला सांगा, आपण काय काय करणार आहोत?" तिच्या तोंडून रक्त, मापं, भेटी, आणि 'नको वाटलं तर कधीही सोडायचं' हे सगळं आल्याशिवाय शाईची डबी उघडायची नाही. आणि आपल्या माहेरात, सासरात आपण संमती घ्यायचीच नाही. ते काम दुसऱ्या कुणाकडे द्यायचं.

३. शब्द आधी घरात जातो, मग आपण

'मेंदूचा अभ्यास' म्हणत आम्ही एका वस्तीवर गेलो आणि चार दिवसांत निरोप आला: "आमच्या लेकरांच्या डोक्यात काही बिघाड हाय का?" डोक्याचा घेर मोजायची फीत बाहेर काढली की आज्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. लेकराला मापू नये, दृष्ट लागते. हे हसण्यावारी नेणारा माणूस या कामाला उपयोगाचा नाही. काजळाचा ठिपका लावून होईपर्यंत आम्ही थांबतो. मग आजीच्याच हातात फितीचं एक टोक देतो.

आता आम्ही म्हणतो, "लेकरू कसं शिकतं ते बघायला आलोय." आणि फीत दाखवून सांगतो: जन्मताना डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो, पहिल्या वाढदिवसापर्यंत तो अकरा-बारा सेंटिमीटरनं वाढतो. दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन. आतलं घर पहिल्या वर्षी किती झपाट्यानं बांधलं जातं, ते फितीवर बोट ठेवून दाखवता येतं. एका आजीनं ते अंतर बोटांनी पुन्हा मोजलं आणि सुनेला म्हणाली, "मग हिला आत्ताच नीट खाऊ घाल की, वरीस सरल्यावर काय?" माझ्या भाषणापेक्षा तिचं ते वाक्य सुनेला जास्त लागू पडलं.

४. अभ्यास आईच्या लग्नाआधी सुरू होतो

पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. त्या गरोदरपणांतून जन्मलेल्या मुलामुलींचा माग त्यांच्या चमूनं वर्षानुवर्षं ठेवला. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किती पसरलेली आहे, हे त्यातून पुढं आलं. ही मुलं-मुली तरुण झाल्यावर २०१२ पासून त्यांना बी-१२ देऊन पाहण्यात आलं, त्यांना मुलं होण्याच्या कितीतरी आधी. पुढं त्यांची लेकरं दोन ते साडेतीन वर्षांची झाली तेव्हा बी-१२ मिळालेल्या आयांची मुलं आकलन आणि भाषेच्या चाचण्यांत सरस दिसली. लेकरांची संख्या थोडी होती, तरी दिशा मोलाची होती.

मला या कहाणीत आणखी एक गोष्ट दिसते: वीस-पंचवीस वर्षं कुणीतरी नोंदवह्या सांभाळल्या. आपल्याकडे मुलीचं लग्न झालं की आडनाव बदलतं, गाव बदलतं, काही घरांत नावही बदलतं. म्हणून आमच्या नोंदीत प्रत्येक बाईचं माहेर आणि सासर दोन्ही असतं. दोन्हीकडच्या एकेका माणसाचा फोन असतो, आणि घराची खूण असते: 'चावडीमागं, पिंपळाजवळ.' फोन नंबर वर्षात बदलतात. पिंपळ जागचा हलत नाही.

५. कोयत्याबरोबर जाणारं लेकरू सोडू नका

परांडा, भूम, वाशी या तालुक्यांत दिवाळी आली की ऊसतोडीला टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल घेतलेली, आणि पाठीवर वर्षाच्या आतलं लेकरू. परततात ते थेट मार्च-एप्रिलात. आमच्या वेळापत्रकात बारा महिन्यांची चाचणी बरोबर जानेवारीत यायची आणि घराला कुलूप असायचं. 'स्थलांतरित' असा शेरा मारून आम्ही पुढं जायचो.

एकदा वर्षाचा हिशेब मांडला आणि लक्षात आलं की गळलेली लेकरं जवळजवळ सगळी कोयत्याबरोबर गेलेली होती. म्हणजे ज्यांच्या अंगावर थंडी, धूळ आणि अपुरं खाणं सर्वांत जास्त, तीच आमच्या आकड्यांतून निघून गेली होती. उरलेल्यांची सरासरी काढली तर तालुका आहे त्यापेक्षा सुखी दिसला असता. गळतीमुळं फक्त संख्या घटते असं वाटतं. खरं तर तिच्यामुळं अभ्यास खोटं बोलायला लागतो.

पुढच्या हंगामात आम्ही पश्चिम महाराष्ट्रातल्या फडांवर गेलो. मुकादमाला विचारलं ते फक्त वाट आणि वेळ. संमती आईचीच. पाचटाच्या ढिगाशेजारी कोपी, कोपीत साडीची झोळी. झोळीतल्या सव्वा वर्षाच्या मुलाच्या आईला विचारलं, "किती शब्द बोलतो?" मोळी बांधता बांधता ती म्हणाली, "बोलत न्हाय अजून काई." शेजारी तिची सात वर्षांची मुलगी वाढ्यांच्या भाऱ्यावर बसली होती. ती ताडकन म्हणाली, "बोलतंय की! मला 'अक्का' म्हणतंय, बैलाला 'हो' म्हणतंय, पाण्याला 'मम' म्हणतंय." तिनं त्याला कडेवर घेऊन बैलापाशी नेलं. त्यानं हात लांबवला आणि स्वच्छ म्हणाला, "हो, हो!"

दिवसभर लेकरू ज्याच्या कडेवर असतं, त्याला विचारायचं. आमच्या प्रश्नावलीत 'आई' या शब्दाच्या जागी 'लेकराला सांभाळणारं माणूस' आलं ते त्या दिवसापासून. आणि ती सांभाळणारी सात वर्षांची पोर शाळेत नव्हती, याची नोंद करायला आमच्या तक्त्यात रकाना नव्हता. तोही घातला.

६. माप आपल्या मातीत रुजलेलं हवं

बाहेरच्या देशांत बनलेल्या चाचण्या जशाच्या तशा उचलल्या की लेकरू नाहक मागं पडतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांना पुन्हा पुन्हा तपासून इथली प्रमाणं बसवली. त्या मापनश्रेणीत जन्मापासून अडीच वर्षांपर्यंत हालचालींचे ६७ आणि समजेचे १६३ टप्पे आहेत. त्यासाठी केवढा धीर लागला असेल, हे एका बाळाच्या दहा टप्प्यांत घामाघूम झालेल्या माझ्यासारख्या माणसाला कळतं.

मापाइतकीच भाषाही बसवावी लागते. 'बाळ अनुकरण करते का?' असं विचारलं की आई गप्प होते. 'तुम्ही टाळ्या वाजवल्या की तेबी वाजवतंय का?' म्हटलं की ती वाजवूनच दाखवते. बंजारा तांड्यावर गोरमाटी बोलणारं माणूस सोबत न्यावं, कारण तिथलं लेकरू मराठीत मुकं वाटतं आणि घरात अखंड बोलतं. मोजणारेही तपासायला हवेत. एकाच बाळाचा घेर दोघींनी वेगवेगळा मोजायचा, एकमेकींचे आकडे पाहायचे नाहीत, आणि फरक ठरल्याहून जास्त निघाला की तिसऱ्यांदा मोजायचं.

७. अंगणवाडीच्या ताईच्या डोक्यावर आणखी एक वही ठेवू नका

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत आणि पुढं कोसबाडच्या टेकडीवर मुलांना शाळेपर्यंत आणण्याऐवजी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' त्यातून उभी राहिली. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला. आज गावातलं कोणतं लेकरू कुठं आहे, कुणाची आई पुन्हा गरोदर आहे, कुणाच्या घरात आज भांडण आहे, हे सेविकेला तोंडपाठ असतं. म्हणून प्रत्येक अभ्यास तिच्या दारात जातो आणि तिच्या हातात आपली वही देतो. वजनं, आहार, लसीकरण, मोबाइलवरची नोंद, यावर आणखी एक वही.

तिचं ज्ञान हवं असेल तर तिला मोबदला हवा, प्रशिक्षण हवं, आणि निष्कर्षांत तिचं म्हणणं हवं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'नं ते छापलं. थोडं शिकलेल्या बायांची निरीक्षणं जगानं मान्य केली, कारण त्यांना नीट शिकवलं होतं आणि त्यांच्यावर विश्वास टाकला होता.

८. तक्त्यातला 'नाही' त्याच दिवशी वाचा

हा धडा लिहिताना आजही हात जड होतो. दहा महिन्यांच्या एका मुलाच्या मागं आमच्या चमूतल्या ताईनं घंटी वाजवली. त्यानं मान वळवली नाही. पुन्हा वाजवली, तरी नाही. आई कौतुकानं म्हणाली, "लई गुणी हाय ओ. दारात हलगी वाजली तरी झोपतंय." ताईनं चौकटीत 'नाही' लिहिलं, पुढचा टप्पा घेतला, तक्ता फाइलीत लावला. फाइल कार्यालयात आली आणि शंभर फाइलींत बसली. मी नोंदी तपासायला घेतल्या तेव्हा सहा आठवडे गेलेले होते. तो 'नाही' वाचला आणि ती हलगी माझ्या कानात वाजली.

त्या वयात सहा आठवडे फार असतात. शब्द कानातून आत जायचा आणि मेंदूनं त्यासाठी जागा करायची, तो काळ हाच. चूक त्या ताईची नव्हती. असं दिसलं तर कुणाला सांगायचं, हे मी योजनेत कुठंच लिहिलेलं नव्हतं. चूक माझी होती. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या घरी गेले आणि आईला सगळं खरं सांगितलं, उशिरासकट. ती रागावली नाही. ती एवढंच म्हणाली, "तवाच सांगायचं व्हतं, ताई."

२०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून त्याची तपासणी झाली. ऐकू कमी येतं हे पक्कं झालं, आणि पुढं कानाला यंत्र लागलं. तेव्हापासून आमच्या तक्त्यात काही चौकटी लाल आहेत. त्यांत 'नाही' आलं की गाव सोडायच्या आत मला फोन, आणि आठवड्याच्या आत आईबरोबर कुणीतरी दवाखान्यात. अभ्यासाचं काम काहीही असो, समोरचं लेकरू त्याच्या आधी येतं.

९. निष्कर्ष आधी ओट्यावर जावा

गावातली माणसं रक्त, मापं आणि वेळ देतात, मग वर्षानुवर्षं कुणी फिरकत नाही. लेख छापून येतो तो त्यांना न येणाऱ्या भाषेत. हे मला मान्य नाही. प्रत्येक टप्प्यानंतर गावात बसून सांगायचं, हे आता आमच्या खर्चाच्या अंदाजपत्रकातच असतं.

आम्ही हे चैत्रात करतो. भैरवनाथाच्या यात्रेला टोळ्या परतलेल्या असतात, माहेरवाशिणी आलेल्या असतात, देवळाभोवती 'चांगभलं' घुमत असतं. एका यात्रेनंतर पारावर बसून मी जमैकाची गोष्ट सांगितली. तिथं सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांच्या चमूनं खुरटलेल्या १२९ लेकरांचा अभ्यास केला. त्यांतल्या काही घरी आरोग्यसेविका दोन वर्षं, आठवड्यातून तासभर जायच्या, घरीच केलेली खेळणी न्यायच्या आणि आईला लेकराशी कसं खेळायचं, बोलायचं ते दाखवायच्या. वीस वर्षांनी पाहिलं तर त्या मुलांची कमाई तशाच, पण अशी भेट न मिळालेल्या मुलांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती. मागून एक आजी म्हणाली, "खेळणं घरचंच व्हतं नव्हं? मग आपल्याला कोण अडवतंय?" आठवड्याभरात अंगणवाडीत तुरीच्या दाण्यांचे खुळखुळे, चिंध्यांचे चेंडू आणि जुन्या लग्नपत्रिकांची चित्रपुस्तकं गोळा झाली.

१०. थांबणं हेही काम आहे

परवा चमूत एक नवी मुलगी आली. हुशार आहे, हातात टॅब, पायाला भिंगरी. सोनारीत एका घरी गेलो तर लेकरू झोपलेलं. तिनं घड्याळ पाहिलं आणि हळूच विचारलं, "ताई, पुढचं घर करून येऊ या का?" मी तिला ओट्यावर बसवलं. बाळाची आजी शेंगा निवडत होती, तिनं आमच्यापुढंही सूप सरकवलं. शेंगा फोडता फोडता आजी बोलू लागली. लेकराला रात्री खोकला येतो, सूनबाईचं दूध कमी पडतं, गाय भाकड झालीय, मुलगा पुढच्या हंगामाची उचल घ्यायचं म्हणतोय. यातली एकही गोष्ट आमच्या प्रश्नावलीत नव्हती, आणि त्या लेकराचं पुढचं वर्ष कसं जाईल हे त्यांतच होतं. नव्या मुलीनं टॅब बाजूला ठेवला आणि ऐकू लागली.

पाऊण तासानं झोळी हलली. आत हात-पाय ताणले गेले, मग साडीच्या घडीतून दोन डोळे बाहेर आले. आधी आजीकडं, मग आमच्याकडं, मग सुपाकडं वळले. नवी मुलगी उठायला लागली, तसा मी तिचा हात धरला. "थांब. आधी त्याला आपल्याला बघू दे."